चोवीस नंबरचा रस्ता

बाबांना समोर आलेला कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. सोलापुरात चौतीस वर्षं मेडिकल चालवलं त्यांनी. डॉक्टरांची किरटी अक्षरं लावायची सवय लागली ती लागलीच. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात वॉलनट क्रीकला आले, तेव्हा आम्हाला या घरात येऊन जेमतेम सात महिने झाले होते. घर नवं म्हणजे आम्हाला नवं, बांधलेलं १९४७ सालचं. बुटकं, लाकडी, मागे एक म्हातारं अक्रोडाचं झाड.

एका दुपारी ऑफिसातून आले तर बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. चष्मा कपाळावर, समोर घराच्या कागदांची जाडजूड फाईल. आपल्याकडे ज्याला सर्च रिपोर्ट म्हणतात तसा इथे टायटल रिपोर्ट असतो, आणि त्याला जमिनीवरच्या जुन्या अटींचे कागद जोडलेले असतात. ते कुणी वाचत नाही. आम्हीही वाचले नव्हते. दलालाने खुणा केलेल्या ठिकाणी भराभर सह्या ठोकल्या होत्या.

"हे वाचलंस का सही करताना?" बाबांनी बोट ठेवलं होतं ती ओळ टाइपरायटरची, पुसट झालेली. मराठीत सांगायचं तर अशी: कॉकेशियन (म्हणजे गोऱ्या) वंशाखेरीज अन्य कोणत्याही वंशाच्या व्यक्तीने या भूखंडावरील इमारत वापरू नये किंवा तीत राहू नये, मात्र मालकाच्या किंवा भाडेकरूच्या घरी राहणाऱ्या अन्य वंशाच्या घरनोकरांना ही अट लागू नाही.

मी ती ओळ उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. ज्या टेबलावर कागद होता, ते टेबल, ती खोली, गॅसवर ठेवलेला चहा, सगळं त्या ओळीच्या आत होतं. आम्ही इथे राहू शकलो असतो, पण फक्त नोकर म्हणून.

त्या गठ्ठ्याच्या वरच्या पानावर एक छापील मजकूर होता, शिक्क्यासारखा. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश वगैरे आधारांवर या कागदपत्रात काही निर्बंध असेल तर तो कायद्याविरुद्ध आहे आणि रद्दबातल आहे, असा.

"कागद आधीचा की शिक्का आधीचा?"

"कागद ४७ सालचा, बाबा. शिक्का नंतरचा."

"मग शिक्का कुणी मारला?"

काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीने मारला, असं उत्तर देऊन मी उठू शकले असते. पण बाबांचा प्रश्न तो नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. हा शिक्का मारायला लावणारं माणूस कोण, असं ते विचारत होते. आणि त्या माणसाच्या नावावरून मी रोज सकाळ-संध्याकाळ गाडी हाकत होते.

वॉलनट क्रीकहून ओकलंडला जायचं तर चोवीस नंबरचा रस्ता. लाफायेट, ओरिंडा मागे टाकून कॅल्डेकॉट बोगद्यातून डोंगर ओलांडायचा की समोर एकदम खाडी उघडते. पुढे रॉकरिजला तर बार्ट या लोकल रेल्वेचं स्टेशनच रस्त्याच्या मधोमध. बोगद्यापासून ओकलंडपर्यंतच्या या तुकड्याला १९८०पासून एक नाव आहे: विल्यम बायरन रमफोर्ड फ्रीवे. पाटी आहे. मी ती शेकडो वेळा पाहिली असेन. असेल कुणी, म्हणून पुढे गेले असेन. रस्त्यांना नावं असतातच.

त्या रात्री आम्ही दोघं लॅपटॉपपुढे बसलो. पुढचे काही आठवडे बसत राहिलो. रमफोर्ड हे औषधविक्रेते होते हे कळलं, तेव्हा बाबा खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे आपल्यातलेच," म्हणाले.

जन्म २ फेब्रुवारी १९०८, अॅरिझोनातल्या कोर्टलंड नावाच्या खाणगावी. ते गाव आता उजाड पडलंय, चार भिंतींचे अवशेष उरलेत. फिनिक्सला काळ्या मुलांसाठी वेगळं हायस्कूल होतं, तिथे शिक्षण. मग सॅन फ्रान्सिस्कोत येऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजातून १९३१ साली पदवी. म्हणजे महामंदी ऐन भरात असताना. ओकलंडच्या हायलंड हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली, तिथले ते पहिले कृष्णवर्णीय फार्मासिस्ट. राज्य सरकारच्या नोकरीसाठी परीक्षा दिली तर लेखीत पास आणि तोंडीत नापास, कारण तोंडीला प्रश्नच कामाशी संबंध नसलेले. रमफोर्डनी अपील केलं. अपील जिंकलं. मग राज्याच्या आरोग्यखात्यात लैंगिक आजारांच्या साथीचे तपासनीस म्हणून काम केलं.

लेखीत पास, तोंडीत नापास. बाबांनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. काही बोलले नाहीत.

१९४२ साली रमफोर्डनी बर्कलीच्या दक्षिण भागात, सॅक्रामेंटो स्ट्रीटवर, औषधांचं दुकान विकत घेतलं. हे साल साधं नव्हे, ऐन दुसऱ्या महायुद्धातलं. त्याच वसंतात बर्कलीतल्या जपानी वंशाच्या कुटुंबांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेलं जात होतं. आणि शेजारच्या रिचमंडमध्ये उद्योगपती हेन्री कैसर यांच्या जहाजबांधणीच्या गोद्या चोवीस तास धडधडत होत्या. तिथे काम आहे म्हणून लुइझियाना, टेक्सस, आर्कन्सॉहून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं गाठोडी घेऊन येत होती. काम होतं, घर नव्हतं. बर्कलीत तेव्हाच्या ग्रोव्ह स्ट्रीटच्या पूर्वेला, म्हणजे टेकड्यांच्या बाजूला, काळ्या माणसाला कुणी घर विकत नसे आणि भाड्यानेही देत नसे. आज त्याच रस्त्याला मार्टिन लूथर किंग यांचं नाव आहे. सगळी माणसं पश्चिमेच्या सपाट भागात कोंबलेली, एकेका घरात तीन-तीन बिऱ्हाडं.

इथे बाबांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही नोंदीत सापडलं नसतं. म्हणाले, मेडिकलवाल्याला वस्ती जितकी कळते तितकी नगरसेवकालाही कळत नाही. कुणाकडे टीबी आहे, कुणाच्या बाळाला खरूज झालीय, कोण अर्धाच कोर्स घेऊन जातो कारण पुऱ्याचे पैसे नाहीत. कोंदट खोलीत दहा माणसं झोपली की कुठलं औषध संपतं हे त्याला डॉक्टरच्याही आधी कळतं. उधारीची वही म्हणजे वस्तीची पत्रिका. "ह्या माणसानं घराचा कायदा करायला घेतला," ते म्हणाले, "तो काउंटरवर उभं राहून घेतला असणार."

असणार. रमफोर्डचं दुकान नुसतं दुकान नव्हतं, ते दक्षिण बर्कलीच्या राजकारणाचा कट्टा होतं हे तर खरंच. १९३०च्या दशकात डी. जी. गिब्सन यांच्यासारख्या माणसांबरोबर त्यांनी अॅपोमॅटॉक्स क्लब नावाची संघटना उभी केली होती, ओकलंड-बर्कलीच्या काळ्या मतदारांना एकत्र आणण्यासाठी. १९४८ साली गिब्सन आणि मंडळींनी या फार्मासिस्टला असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, सतराव्या मतदारसंघात उभं केलं. मतदारसंघात काळे अल्पसंख्य. तरी निवडून आले. उत्तर कॅलिफोर्नियातून राज्य पातळीवर निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. त्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, बर्कलीच्या विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवीही घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात आमच्या कागदावरच्यासारख्या अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत असं सांगितलं, तेही १९४८चंच साल. बजावता येणार नाहीत, एवढंच. लिहू नका असं नाही, पाळू नका असंही नाही. घरमालक आणि दलाल त्या निमूटपणे पाळत राहिले.

आमदार झाले म्हणून दुकान बंद केलं नाही. तेव्हा कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ पूर्णवेळ नव्हतं, ते १९६६नंतर झालं. राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटो शहरात, अधिवेशन करायचं आणि परत येऊन गोळ्या मोजायच्या. नऊ वेळा निवडून आले, अठरा वर्षं. पहिल्याच अधिवेशनात, १९४९ला, कॅलिफोर्निया नॅशनल गार्डमध्ये वंशभेद चालणार नाही असा कायदा करून घेतला. सार्वजनिक आरोग्य समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, हवेच्या प्रदूषणावर काम केलं, १९५९मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑगस्टस हॉकिन्स यांच्या जोडीने नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला. हॉकिन्स हे विधेयक चाळीसच्या दशकापासून मांडत होते. दर अधिवेशनात मांडायचं, दर अधिवेशनात पडायचं, पुढच्या वेळी पुन्हा मांडायचं.

या सगळ्यांत मला अडकवून ठेवलं ते १९६३ने.

त्या वर्षी एप्रिलमध्ये खुद्द बर्कलीच्या मतदारांनी, गावातल्या घरांच्या व्यवहारात वंशभेद नको असं सांगणारा नगरपालिकेचा नियम थोडक्या मतांनी नाकारला. रमफोर्डच्या स्वतःच्या गावाने. त्याच महिन्यात रमफोर्डचं विधेयक क्रमांक १२४०, घरं विकताना-भाड्याने देताना वंशभेदाला बंदी घालणारं, असेंब्लीत मंजूर झालं आणि सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, जाऊन अडकलं. तिथल्या समितीने ते आठवड्यामागून आठवडे दाबून ठेवलं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या 'कोअर' संघटनेच्या तरुणांनी सॅक्रामेंटोच्या विधानभवनात घुमटाखाली मुक्काम ठोकला, संगमरवरी फरशीवर पथाऱ्या पसरून. हॉलिवूडचे नट मार्लन ब्रँडो आणि पॉल न्यूमन त्यांना भेटून गेले. गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी आपली ताकद विधेयकामागे लावली. पण सिनेटमधली गाठ फरशीवर बसून सुटणारी नव्हती. ती सोडवायला विधेयक कातरावं लागलं.

आणि रमफोर्डनी कातरू दिलं. मूळ विधेयकात जवळपास सगळी घरं येत होती. शेवटी उरली ती सरकारी मदतीच्या कर्जावरची घरं आणि पाच किंवा जास्त बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारती. मालक स्वतः राहतो आणि सरकारी कर्ज नाही अशी एकेकटी घरं वगळली गेली. कायदा मोडणाऱ्याला दंड म्हणाल तर जास्तीत जास्त ५०० डॉलर भरपाई. अधिवेशनाची शेवटची रात्र होती, २१ जून १९६३. मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना सिनेटने हे कातरलेलं विधेयक मंजूर केलं, असेंब्लीने घाईघाईने होकार दिला, आणि घड्याळाने बाराचे ठोके दिले.

मी आधी यावर चिडले होते. फरशीवर झोपलेल्या पोरांना काय वाटलं असेल, एवढी झीज सोसून मिळालं काय, असं बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, "पूर्ण कोर्स परवडत नसेल तर अर्धा तरी दे, म्हणायची माणसं मला. अर्ध्या कोर्सनं रोग जात नाही, उलट बळावतो. पण कायदा म्हणजे अँटिबायोटिक नव्हे गं. त्याचा अर्धा डोस आत गेला की उरलेला मागायला तोंड तरी उघडता येतं." मला हे पटलं. रात्री साडेअकराला हातात असलेलं अर्धं सोडून, पुढच्या अधिवेशनात पूर्ण मागू, असं म्हणायला रमफोर्ड मोकळे नव्हते. त्यांच्या काउंटरपलीकडे उभी असलेली माणसं त्या रात्रीही कुठेतरी एका खोलीत दहाजण झोपलेली होती.

अर्ध्यालाही लोकांनी टिकू दिलं नाही. कॅलिफोर्निया रिअल इस्टेट असोसिएशनने घरमालकांच्या संघटनेबरोबर सह्यांची मोहीम काढली, आणि १९६४च्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रपोझिशन १४ आलं, म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही म्हणायचा प्रस्ताव. ही राज्यघटनेत घालायची दुरुस्ती होती. आपली मालमत्ता कुणाला विकायची, कुणाला भाड्याने द्यायची आणि कुणाला नाकारायची हे मालकाच्या 'संपूर्ण स्वेच्छे'वर राहील आणि सरकार त्यात हात घालणार नाही, असं त्यात होतं. वंश हा शब्द त्यात कुठेही नव्हता. रमफोर्डच्या कायद्याला त्यांनी सक्तीच्या घरांचा कायदा असं नाव दिलं. मार्टिन लूथर किंग कॅलिफोर्नियात येऊन याविरुद्ध बोलले, गव्हर्नर बोलले.

३ नोव्हेंबर १९६४. त्या दिवशी कॅलिफोर्नियाने राष्ट्राध्यक्ष म्हणून लिंडन जॉन्सन यांना सुमारे ५९ टक्के मतं दिली. चारच महिन्यांपूर्वी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही करणाऱ्या जॉन्सनना. आणि त्याच केंद्रांवर, त्याच पडद्याआड, त्याच मतदारांनी प्रपोझिशन १४ला ६५ टक्के मतं दिली. सुमारे ४५ लाख विरुद्ध २४ लाख. राज्यात ५८ काउंट्या आहेत. त्यांतल्या ५७ काउंट्यांनी हो म्हटलं. एकट्या मोडॉकने, पार ईशान्येच्या कोपऱ्यातल्या विरळ वस्तीच्या काउंटीने, नाही म्हटलं. आमच्या काउंटीने हो म्हटलं. आमच्या या गल्लीत तेव्हा राहणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी म्हटलंच असेल.

या आकड्याशी मी बराच वेळ थांबले, कारण यातली माणसं मला अनोळखी वाटत नाहीत. देशासाठी चांगलं ते हवं, पण आपल्या भिंतीला भिंत लागली की 'घरी विचारून सांगतो.' हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९८१ साली बाबा डी. फार्म. करून पुण्यात नोकरीला लागले होते. खोली बघितली, आवडली, मालकांनी चहा दिला, डिपॉझिट ठरलं. मग मालकांनी आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. चहाचा कप अजून हातात होता. "बरं बरं. घरी विचारून सांगतो." अशा सात खोल्या झाल्या. अकरा आठवडे एका मित्राच्या हॉस्टेलच्या खोलीत चोरून झोपल्यावर बाबांनी नोकरी सोडली, सोलापूरला परतले, कर्ज काढलं आणि दुकान टाकलं. पाटीवर नाव, आणि नावाखाली रजिस्टर्ड फार्मासिस्ट, लाल ऑइलपेंटने. "औषध घेताना कुणी आडनाव विचारत नाही," एवढंच ते या गोष्टीवर कधी बोलले असतील.

आणि त्याच्याही आधी, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना गावात राहायला खोली मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून काढलेले दिवस आणि शेवटी काठ्या घेऊन दारात उभी ठाकलेली माणसं, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको. त्या घटनेनंतर तीस वर्षांनी आमच्या घराचा कागद टाइप झाला. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच अट.

प्रपोझिशन १४च्या पुढचं काम कोर्टाने केलं, आणि ते उभं राहिलं एका जोडप्याच्या चिकाटीवर. सांता अॅनात लिंकन आणि डोरोथी मल्की यांना काळे म्हणून भाड्याचं घर नाकारलं गेलं होतं. लिंकन मल्की नौदलात नोकरी करून आलेले. ते रमफोर्डच्या कायद्याच्या काळात कोर्टात गेले, आणि दावा चालू असताना मतदारांनी कायदाच पायाखालून काढून घेतला. मल्की मागे हटले नाहीत. मे १९६६मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रपोझिशन १४ घटनाबाह्य ठरवलं. २९ मे १९६७ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला, पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी निकाल लिहिला. मतदारांनी भेदभाव नुसता चालू दिलेला नाही, तर भेदभाव करण्याचा हक्कच राज्याच्या घटनेत कोरला आहे, म्हणून राज्य यात सामील ठरतं, अशी त्याची मांडणी. एक न्यायमूर्ती इकडचे तिकडे झाले असते तर चित्र वेगळं असतं.

रमफोर्डचा कायदा परत उभा राहिला. रमफोर्ड मात्र तोवर विधिमंडळात नव्हते. १९६६मध्ये राज्याच्या सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले आणि अगदी थोडक्या मतांनी हरले. ते साल रोनाल्ड रीगन यांचं. गव्हर्नरपदाच्या प्रचारात रीगन रमफोर्ड कायद्याविरुद्ध बोलत होते आणि मोठ्या फरकाने जिंकले. माणसाच्या नावाचा कायदा असला की असं होतं बहुतेक. लोकांचा राग कलमांवर राहत नाही, नावावर जातो. पुढे कायदा रद्द करायचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. रमफोर्ड नंतर फेडरल ट्रेड कमिशनच्या सॅन फ्रान्सिस्को कार्यालयात ग्राहक संरक्षणाचं काम पाहत होते. १९८६च्या जूनमध्ये गेले. १९८०मध्ये त्यांचा घरांबद्दलचा आणि नोकरीबद्दलचा असे दोन्ही कायदे एकत्र करून आजचा कॅलिफोर्नियाचा भेदभावविरोधी कायदा तयार झाला. आम्ही या घरावर बोली लावली तेव्हा मालकाने आमचा वंश बघून नाही म्हणायची सोय उरली नव्हती, ती या कायद्यामुळे. सही करताना मी याचा विचारही केला नव्हता. व्याजाचा दर किती, एवढाच विचार होता.

आता जे लिहिणार आहे त्यावरून इथल्या आमच्याच काही मित्रांना वाईट वाटेल, तरी लिहिते. २०२३मध्ये सिनेटर आयेशा वहाब यांनी याच कायद्यात जातीचा उल्लेख स्पष्टपणे यावा म्हणून एसबी ४०३ हे विधेयक आणलं. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं. आधीच्या कायद्यात हे संरक्षण येतंच, असं कारण दिलं. त्या सहा-सात महिन्यांत बे एरियातल्या आपल्या लोकांच्या घरांत जेवणाच्या टेबलांवर जे बोलणं झालं ते मी ऐकलंय. इथे कुठे आलीय जात, उगाच आपल्याला बदनाम करतात, असं पुरणपोळी वाढता वाढता म्हणणारी माणसं मनाने वाईट नव्हती. माझी पोरं आजारी असताना यांनीच डबे आणलेत. पण त्याच टेबलावर नव्याने आलेल्या पाहुण्याला तिसरा प्रश्न आडनावाचा होता, आणि आडनाव पुरेसं नाही वाटलं तर चौथा गावाचा. विधेयक नको म्हणणाऱ्याची प्रत्येक शंका खोटी होती असं मी म्हणत नाही. मला ते हवं होतं. एवढ्यासाठी हवं होतं, की बाबांनी कधीही इथे खोली शोधली तर त्यांच्या हातातला चहाचा कप शांतपणे संपावा.

परतीच्या तिकिटाला आठवडा उरला असताना बाबा म्हणाले, दुकान बघून येऊ. दुकान आता नाही, पण सॅक्रामेंटो स्ट्रीट आहे, आणि रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर, त्या जुन्या दुकानाच्या भागात, २०१६पासून रमफोर्डचा कांस्य पुतळा आहे. शनिवारी सकाळी गेलो. फारशी वर्दळ नव्हती. बाबांनी सोलापूरहून आणलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जो ते लग्नाला वगैरे घालतात. गाडी लावून आम्ही दुभाजकावर गेलो. बाबा पुतळ्यापुढे उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आजूबाजूची घरं नीट पाहिली, लाकडी, दोन-दोन मजली, काहींचा रंग उडालेला, एका ओसरीवर मुलांच्या सायकली. मग म्हणाले, "कोपऱ्यावरचं असणार दुकान. कोपऱ्याला गिऱ्हाईक दोन्ही रस्त्यांनी येतं."

मी त्यांना सांगितलं की काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात एक फॉर्म मिळतो. तो भरून दिला की कागदावरची ती ओळ खोडलेली नवी प्रत नोंदवून मिळते. पैसे पडत नाहीत.

"भरलास?"

"आज भरणार आहे. तुमच्यासमोर."

त्यांनी मान हलवली. खिशातून मोबाईल काढून मला दिला आणि पुतळ्याशेजारी उभे राहिले, हात सरळ, पासपोर्टच्या फोटोसारखे. मी दोन फोटो काढले. ते त्यांनी तिथेच उभं राहून आईला पाठवले.

परत येताना अॅशबीवरून चोवीसला लागलो. बोगदा जवळ आला, खाडी पाठीमागे राहिली. मी वेग थोडा कमी केला. बाबांनी अंगठ्याने काचेवरची वाफ पुसली आणि पाटीवर असतं तसं ते नाव मोठ्याने, सावकाश म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. विल्यम. बायरन. रमफोर्ड. मग क्षणभर थांबले आणि पाटीवर नसलेलं म्हणाले.

"रजिस्टर्ड फार्मासिस्ट."